रान मागे, घर पुढे: माणगाव खोऱ्यातल्या एका जमिनीचा प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्गात निवृत्तीसाठी जमीन बघायला येणारी माणसं बहुतेक पन्नाशीतली असतात. पाय अजून दणकट, गाडी स्वतः चालवतात. एजंट त्यांना थेट वरच्या टेंबावर, म्हणजे जमिनीतल्या उंचवट्यावर, नेतो. समोर सह्याद्री, खाली खोरं, आणि व्यवहार अर्धा तिथेच होऊन जातो. त्या टेंबावर वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, जुलैच्या रात्री, वीज गेलेली असताना कसं पोचायचं, हे मात्र त्या घडीला कुणी विचारत नाही. कच्च्या, झाडीच्या जमिनीवर पुढे जे काही बिघडतं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते, असं मला इतक्या वर्षांच्या कामातून वाटतं.

मी कुडाळ परिसरात घरांची आखणी आणि बांधकामं करतो. इथे मांडलेलं प्रकरण ठाण्यातल्या एका जोडप्याचं आहे. ते कारखान्यात देखभाल विभागात, त्या शाळेत शिक्षिका. दोघांची निवृत्ती 2027 च्या आसपास. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. गावाचं नाव त्यांच्या इच्छेनुसार देत नाही. कुडाळ तालुक्यात, माणगाव खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला आहे, एवढं पुरे.

सोडून दिलेली पहिली जमीन

त्यांना आधी दाखवली गेली ती चार एकरांची जागा. ऐन-किंजळाची दाट झाडी, मधून वाहणारा व्हाळ (ओढा), आणि भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी. कमी का, ते सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात लिहिलेलं होतं: ‘खाजगी वने’.

कोकणात ही नोंद अनेक सातबाऱ्यांवर सापडते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम 30 ऑगस्ट 1975 ला अमलात आला आणि त्याच्या व्याख्येत बसणारी खाजगी जंगलं त्या दिवशी सरकारजमा झाली. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 35(3) खाली जुन्या काळी निघालेल्या नोटिसांच्या आधारे पुढे अनेक जमिनींवर नोंदी चढल्या. सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 ला, मुंबईतल्या जमिनींच्या प्रकरणात, नोटीस नुसती काढली पण मालकावर बजावलीच नाही तर ती पुरेशी नाही, असा निकाल दिला. एजंट त्याच निकालाकडे बोट दाखवत होता. पण त्या निकालाने सातबाऱ्यावरची नोंद आपोआप पुसली जात नाही. नोटीस बजावली होती का, ताबा घेतला होता का, हे ज्याच्या त्याच्या प्रकरणात कागदांनिशी सिद्ध करावं लागतं. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्याच, 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानुसार शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्यालाही, मालकी कुणाचीही असो, वनसंरक्षण कायदा लागू होतो. निवृत्तीला सहा-सात वर्षं उरलेल्या माणसाने असला वाद विकत घेऊ नये. मी तसं स्पष्ट सांगितलं. वहिनींना व्हाळ फार आवडला होता, त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनीच पहिल्यांदा ‘नको’ म्हटलं.

दुसरी जागा 2 एकर 12 गुंठे, सातबाऱ्यावर 0.93 हेक्टर, वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. भोगवटादार वर्ग 1, म्हणजे मालकाला मोकळेपणी विकता येणारी, कुळाची नोंद नाही. खालच्या अंगाला जुनी, उत्पन्न घटलेली काजूची लागवड, वर चढत जाणारं मिश्र रान. ही जागा घ्यावी असं मला वाटलं ते त्या काजूंमुळे. का, ते पुढे येईलच.

कागदांचं काम सोपं नव्हतं. सातबाऱ्यावर 14 नावं, त्यातली दोन माणसं वारलेली, पाच मुंबईला. कोकणातल्या सामाईक जमिनीत एक-दोन हिस्सेदार ‘आमचा भाग आम्ही विकतो’ म्हणतात, खरेदीखतही होऊन जातं, आणि वाटप न झाल्यामुळे नेमका कोणता तुकडा आपला हे घेणाऱ्याला कधी सांगता येत नाही. म्हणून आधी वारस नोंदी, मग लग्न होऊन गेलेल्या मुलींसह सगळ्यांच्या सह्या, मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि हद्दीच्या खुणा. बयाणा देऊन झाल्यावर या सगळ्यात वर्षाहून जास्त काळ गेला. दादांचं नाव सातारा जिल्ह्यातल्या वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर असल्याने शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, या कुळकायद्याच्या कलम 63 ची अडचण आली नाही. ज्यांच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा नाही त्यांनी जमीन बघायला निघण्याआधी हा प्रश्न सोडवावा.

पश्चिम घाट पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या जुलै 2024 च्या मसुद्याने आणखी एक काळजी उभी केली. त्यातली बंदी खाणी, औष्णिक वीज, ‘लाल’ गटातले (सर्वांत प्रदूषणकारी) उद्योग आणि 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं यांच्यावर आहे. एका कुटुंबाच्या घराला ती आडवी येत नाही. तरी यादीत आपलं गाव आहे का हे पाहून ठेवावं. शेजारच्या सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत वृक्षतोडीबाबत उच्च न्यायालयाचे आदेश आहेत. तिकडे जागा घेणाऱ्याने ते वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये.

रस्ता कागदावर होता का?

नव्हता. ग्रामपंचायतीच्या डांबरी रस्त्यापासून जमिनीच्या हद्दीपर्यंत 180 मीटर अंतर, आणि मधे दुसऱ्याची जमीन. ‘वहिवाट आहे, बैलगाडी जायची’ असं सगळेच सांगत. गाव नकाशावर मात्र तिथे पायवाटसुद्धा नव्हती. तोंडी वहिवाट म्हातारी माणसं जिवंत असेपर्यंत चालते. त्यांची मुलं मुंबईहून येऊन गडगा (दगडी कुंपण) घालतात आणि प्रकरण तहसीलदारांकडे जातं. दादांनी मधल्या जमीनमालकाला पैसे देऊन 12 फूट रुंदीच्या रस्त्याच्या हक्काचा दस्त नोंदवून घेतला. आठ फुटांत मोटार जाते, पण पाण्याचा टँकर, चिऱ्याचा ट्रक आणि रुग्णवाहिका वळत नाही. खरेदीखताच्या आधी हा दस्त झाला, नंतर नाही. खरेदी होऊन गेल्यावर समोरचा माणूस कोणताही भाव सांगू शकतो.

खरेदीखत जानेवारी 2021 मध्ये झालं.

जेसीबी लावायचा नाही, असं ठरलं ते वर्ष

व्यवहार झाल्या झाल्या ‘रान साफ करून देतो, चार दिवसांत जागा मोकळी’ असा प्रस्ताव आला. या प्रस्तावाला बहुतेक लोक हो म्हणतात. साफ झालेली जागा बघून आपली वाटते, मोजता येते, नातेवाइकांना दाखवता येते. माझा याला पूर्ण विरोध असतो.

कारण जमिनीतच आहे. इथे जांभ्या दगडावर माती असते ती बऱ्याच ठिकाणी जेमतेम वीतभर. तिला मुळांनी आणि पाचोळ्याने धरून ठेवलेलं असतं. सरासरी 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या उतारावर ती उघडी केली तर एका पावसाळ्यात वाहून जाते, आणि मागे उरलेल्या कातळावर पहिलं येतं ते रानमोडीचं तण. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून झिरपून खाली उतरतं. त्याच्या तळाशी पुष्कळदा पांढुरकी, बोटाला साबणासारखी लागणारी चिकणमाती असते, तिच्यावर ते अडतं. अशा उताराचा पायथा उभा कापला की वरचा भाग सुटायला निमित्त मिळतं.

झाडांचा कायदाही आहेच. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, बिवळा अशी झाडं आहेत, आणि आपल्या मालकीच्या जमिनीतलीही ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जेसीबीवाला झाडाची जात विचारत बसत नाही.

म्हणून कोयत्याने फक्त तीन फुटांची वाट काढली, आणि तिच्यावरून फिरून झाडांची नोंद केली. काजू सोडून, 60 सेंटीमीटरहून जास्त घेराची 143 झाडं निघाली. प्रत्येकाला नंबर, जात, घेर, आणि नकाशावर ठिपका. हे काम गावातल्या दोघांनी आणि वहिनींनी केलं. वहिनींच्या वहीत शेरेही आहेत: ‘ऐन, पोकळ, घुबड’, ‘रातांबा, मादी, फळ भरपूर’, ‘कुंभा, दोन खोड, वाळवी’. नुसत्या घेराच्या यादीपेक्षा घर आखताना या शेऱ्यांचा मला जास्त उपयोग झाला.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. जमिनीवरची नऊ झाडं उन्मळली. सगळी वरच्या टेंबावरची, जिथे वारा थेट लागतो आणि मुळांना खोल जायला माती नाही. नेमकी हीच जागा एजंटने घरासाठी दाखवली होती.

विहिरी खणण्यात ज्यांचं आयुष्य गेलं असे गावातले एक आबा दादांना म्हणाले, ‘मिरगात येवन बगा, पाणी खंयसून येता ता. मगे घराचा काय ता ठरवा.’ दादा नुसते मिरगात (मृग नक्षत्रात, पावसाच्या सुरुवातीला) नाही, जुलैच्या शेवटीही येऊन राहिले. तो 2021 चा जुलै. 22 तारखेला चिपळूण बुडालं, महाड तालुक्यात तळिये आणि खेड तालुक्यात पोसरे इथे दरडींखाली माणसं गेली. या जमिनीवर काही पडलं नाही, पण पाणी कुठून चालतं ते स्पष्ट दिसलं. मोजणीच्या नकाशावर नसलेले दोन ओहोळ वाहत होते. त्यातला एक मधल्या सपाट पट्ट्यातून जात होता. उन्हाळ्यात तोच पट्टा घर बांधायला सगळ्यात सोयीचा वाटतो! काजूंच्या खालच्या भागात मात्र पाणी साचत नव्हतं, वाहतही नव्हतं. दादांनी ओहोळांच्या कडेने लाल रंगाच्या खुंट्या मारल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर काही करायचं नाही असं ठरलं. ते आजपर्यंत पाळलंय.

घर कुठे?

यावर आमची खरी चर्चा झाली, आणि दादांचं मन वळायला वेळ लागला. त्यांना टेंबच हवा होता. जमीन खेडून खाण्यासाठी घेतलेली नाही, डोंगर बघत बसण्यासाठी घेतली आहे, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग आम्ही हिशेब मांडला. रस्त्याच्या टोकापासून टेंब 28 मीटर उंच, सरळ अंतर 150 मीटर. गाडी पावसात सुरक्षित चढायची तर दहास एक उतार धरावा, म्हणजे 280 मीटर लांबीची वळणांची वाट. चार मीटर रुंद वाट आणि कापणी-भरणीचे साधारण तीन मीटर धरले तर जवळपास 2,000 चौरस मीटर, म्हणजे एकूण जमिनीचा पाचवा हिस्सा केवळ घरापर्यंत पोचण्यात संपतो. त्या वाटेत नोंदवलेल्या झाडांपैकी 31 झाडं येत होती, दोन्ही ओहोळ दोनदा ओलांडावे लागत होते. विजेचे खांब वरपर्यंत नेले की तारांखालची झाडं दर वर्षी छाटावी लागणार. पाणी खालून वर चढवायचं. आणि जिना चढताना वहिनींचा गुडघा आत्ताच दुखतो.

खालची काजूची पट्टी नव्या रस्त्याच्या टोकाला लागून. माणसाने ती तीस-चाळीस वर्षांपूर्वीच मोकळी करून काजू लावलेले, त्यामुळे मूळचं रान तिथे नव्हतंच. काजू अनुसूचीतही नाही. घराला सात काजू गेले, बाकी एकही झाड नाही. घराच्या मागच्या पडवीत बसलं की समोर उतारावर पूर्ण रान उभं असतं, आणि खालून वर बघताना ते टेंबावरून दिसतं त्याहून घनदाट दिसतं. डोंगर बघायला टेंबावर चालत जायचं, जमेल तितकी वर्षं. रान उपभोगायला रानाच्या मध्यभागी घर लागत नाही, त्याच्या कडेला लागतं, हे माझं ठाम मत आहे, आणि म्हातारपणाच्या घराला तर ते दुप्पट लागू आहे.

पाणी

3,000 मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. जांभा पाणी घेतो तसं सोडूनही देतो. म्हणून विहीर मे 2022 मध्येच खणली. त्या महिन्यात पाण्याची पातळी सगळ्यात खाली असते. तेव्हा जे लागतं ते खरं पाणी. पावसाळ्यानंतर दहा फुटांवर पाणी लागलेल्या विहिरी मेमध्ये तळ दाखवतात. गावच्या राखणदार देवाला नारळ ठेवून आबांनी जागा दाखवली, आणि ती खालच्या ओहोळाच्या वरच्या अंगाला होती. म्हणजे माझ्या हिशेबातही बसत होती. 26 फुटांवर थांबलो.

खरी परीक्षा 2023 साली झाली. बिपरजॉय वादळाच्या गडबडीत पाऊस रेंगाळला, जोर धरायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. तेव्हा विहिरीत चार फूट पाणी होतं. दोन माणसांना पुरेल, बागेला नाही. त्यामुळे छपराचं पाणी साठवायचं ठरलं. 140 चौरस मीटर छपरावर 3,000 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला 80 टक्के जरी हाती आला तरी 3,36,000 लिटर होतात. माणशी रोज 135 लिटर धरले तर दोघांना फेब्रुवारी ते मे मिळून 32,000 लिटरच्या आसपास लागतं. म्हणजे सगळं पाणी साठवण्याची गरज नाही. 40,000 लिटरची फेरोसिमेंटची टाकी पुरते, आणि विहीर राखीव राहते.

घर आणि विहीर दोन्ही खाली आल्यामुळे शौचालयाच्या पाण्याचा प्रश्न मात्र टोकदार झाला. जांभ्यात शोषखड्डा घेतला की मैलापाणी भेगांतून कुठेही निघतं. सेप्टिक टाकी विहिरीपासून 30 मीटर दूर, तिच्यापेक्षा खालच्या पातळीला, तळासकट बंदिस्त, आणि बाहेर पडणारं पाणी कर्दळीच्या वाफ्यात. या एका गोष्टीत पैसे वाचवू नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

आधी मांगर

घराआधी 2023 च्या हिवाळ्यात एका खोलीचा मांगर बांधला: जांभ्याच्या भिंती, कौलं, न्हाणीघर. अवजारं ठेवायला म्हणून, आणि मुख्यतः राहून बघायला. वहिनी तिथे आधी एक अख्खा मे आणि मग एक अख्खा जुलै राहिल्या, जुलैतले काही दिवस एकट्या. त्यातून जे समजलं ते कोणत्याही नकाशातून समजलं नसतं. जुलैत कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी होतं, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंना बुरशी येते. वीज दोन-दोन दिवस नसते. रात्री दारात फुरसं दिसलं. माकडांनी कौलं उलथली. गवे वरच्या पट्ट्यात येऊन जातात, त्रास देत नाहीत.

या अनुभवावरून घराचा आराखडा बदलला. कपडे वाळवायला मागच्या पडवीत छपराखाली चुलीशेजारी जागा. छपराला आतून स्लॅब, वरून कौलं. छपराचे पाखे चार फूट बाहेर. घरात कुठेही पायरी नाही, दरवाजे तीन फुटी, अंगणापासून पडवीपर्यंत बारास एक उताराची वाट. सौर पॅनेल घराच्या छपरावर न घेता रस्त्याकडच्या उघड्या जागेत, कारण मागच्या झाडांची सावली छपरावर येते. आणि सोबत बॅटरी. नुसती महावितरणच्या तारेला जोडलेली सौर यंत्रणा वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होते, हे विकणारे बहुधा सांगत नाहीत.

माकडतापाचीही माहिती घेतली. 2016 पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात हा आजार गोचिडींमुळे काजूच्या बागांतून माणसांपर्यंत आला. पाचोळ्यात जाताना अंगभर कपडे, आल्यावर अंघोळ, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं, एवढं घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस असते का, रात्री डॉक्टर असतात का, हे वहिनींनी स्वतः जाऊन विचारलं. मोठ्या दुखण्याला ओरोसचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर जिल्ह्यातले बहुतेक जातात तसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. वहिनी गाडी शिकल्या, वयाच्या 54 व्या वर्षी. या सगळ्या प्रकल्पातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला निर्णय तो आहे. रानातल्या घरात दोघांपैकी एकालाच गाडी येत असेल तर ते घर दुसऱ्यासाठी सुरक्षित नाही. ठाण्याचा फ्लॅट विकून इथे सगळं ओतायचा बेतही त्यांनी सोडला; फ्लॅट भाड्याने जाईल, आणि एकटं राहायची वेळ आली तर परतायला दार राहील.

सध्या

खर्चाचे आकडे देत नाही, दर वर्षी बदलतात. प्रमाण सांगतो: रस्ता, विहीर, वीज आणि हद्दीचा गडगा यांवर मिळून जमिनीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम गेली, घराचा एक चिरा बसायच्या आत. जमीन घेणाऱ्यांच्या हिशेबात ही रक्कम नसतेच.

शेतघर बांधायला जमीन किमान 0.4 हेक्टर लागते, ती अट इथे सहज पुरी होते. जोतं 150 चौरस मीटरच्या आत ठेवलं, आणि काजूचं पीक चालूच असल्याने ई-पीक पाहणीत ते दर हंगामात नोंदवलं जातं. वरच्या रानात वर्षाला दोनच कामं होतात. रानमोडी फुलायच्या आत, दिवाळीच्या सुमारास, मुळासकट उपटायची. आणि फेब्रुवारीत वणव्यासाठी हद्दीने दहा फुटांची जाळरेषा काढायची. शेजारी काजूच्या बागेतला पाचोळा जाळतात, आग कधी कुणाच्या हद्दीत शिरेल याचा नेम नसतो. 143 झाडांतली 134 उभी आहेत. गेलेली नऊ ती वादळाची.

भिंतींचं काम लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत, आलं आहे. मिरगाच्या आत छप्पर चढलं नाही तर भिंती वरून झाकून काम थांबवायचं आणि दसऱ्यानंतरच पुन्हा हात घालायचा, पावसात घाईने स्लॅब ओतायचा नाही, असं ठेकेदाराकडून आधीच लिहून घेतलंय.